ईहीनबाईचं गंगापूजन

"रविवारी मोहाडीच्या ईहीनबाईकडे गंगापूजन हाये," केवळरामनं मोटरसायकल स्टँडवर लावता लावता सांगितलं. "मधुकररावांचा फोन आला होता. दोघांनी या म्हणते. महाराजाले बी संगं आणा म्हणते, कीर्तन ठेवलं हाये."

रुखमा अंगणात पसरलेलं धान पायानं फिरवत होती. ती थांबली नाही.

"कोणत्या गंगेचं?"

"अवो, ते जर्मनीची नाही का, जिच्यात बोटीनं फिरून आली ईहीन. तिथलं पाणी आणलं तिनं शिशीत भरून."

"ते काय काशीले गेली होती?"

"काशीले नाही गेली. पण नदी तर नदीच ना. तिच्या नात्यातली शकुबाई म्हणे, समुद्रापलीकडलं पाणी घरात आलं, त्याले बिनपूजेचं ठेवू नये. ठरलं मग."

धानाच्या पसाऱ्यात रुखमाच्या पायानं एक लांब रेघ ओढली, ती जरा वाकडीच गेली.

ईहीनबाई म्हणजे विहीण; रुखमाच्या तृप्तीची सासू जनाबाई, आणि मधुकरराव सासरे. तृप्ती आणि तिचा नवरा वीरेंद्र नोकरीसाठी जर्मनीत जाऊन राहिलेले. यंदा आश्विनात त्यांनी जनाबाईला तिकडे नेलं, घरी ठेवून घेतलं, आणि एका मोठ्या बोटीत बसवून ऱ्हाईन नावाच्या नदीतून फिरवलं. दोन्ही काठांना जुन्या राजांचे किल्ले आणि द्राक्षांचे मळे. परत येताना सासूला एकटीला विमानात कसं बसवायचं म्हणून तृप्ती सोबत आली, आणि रजा आहे तोवर मोहाडीलाच राहणार होती. करडीला माहेरी आली ती दोन दिवस. त्या दोन दिवसांत तिच्या तोंडी एकच शब्द. आई असं म्हणाली, आईनं तसं केलं, आई बोटीवर अशी हसली. आई म्हणजे सासू. रुखमा तिची माय. लग्नाआधी घरात एकच शब्द होता, माय, आणि एकच बाई होती.

आणि तो फोटो. तृप्तीनं सगळ्यांच्या फोनवर पाठवलेला. मागे डोंगराच्या कड्यावर किल्ला, खाली उतरणीवर द्राक्षांच्या हिरव्या-पिवळ्या ओळी, समोर कठड्याला टेकून जनाबाई. अंगावर लुगडं, वर पोराचा कोट, पायात पांढरे बूट. रुखमाला किल्ल्याचं काही नव्हतं. द्राक्षांचं तर मुळीच नव्हतं. ती दोन बोटांनी फोटो मोठा करायची आणि एकच जागा पाहायची. जनाबाईच्या खांद्यावर तृप्तीचा हात होता. नुसता ठेवलेला नव्हता, बोटं रुतवून धरलेला होता. पोर लहानपणी तापात असली की मायचा पदर असाच धरायची.

शेजारीण ताराबाई भाजी निवडायला आली की विचारायची, "काहून वो रुखमाबाई, तुमाले नाही नेलं पोरीनं?"

"नेते कायची! विचारलं बी नाही मले."

हे असं तोंडातून पहिल्यांदा निघालं तेव्हा रुखमालाच धस्स झालं होतं. कारण ते खरं नव्हतं.

तृप्तीनं विचारलं होतं. आधी मायलाच विचारलं होतं, सासूला नंतर. गेल्या वर्षी फोनवर म्हणाली होती, "माय, येतेस का इकडे? तुला फिरवून आणते. बोटीत बसवते."

आणि रुखमा म्हणाली होती, "नाही वो बाई. मी कायले येऊ तिथं? धान कोण पाहील?"

आता ज्यांनी इकडचा चहा घेतला आहे त्यांना हे सांगायला नको. करडीत कोणी पहिल्या विचारण्याला हो म्हणत नाही. चहा घ्या म्हटलं की नको म्हणायचं, आत्ताच झाला. मग समोरच्यानं म्हणायचं, घ्या ना, अर्धा कप. पुन्हा नको. मग त्यानं कप हातातच द्यायचा, आणि मग आपण, बरं आता एवढं म्हणता तर, असं म्हणून घ्यायचा. हे खोटं बोलणं नव्हे. विचारणाऱ्याला आपली किती ओढ आहे ते पाहून घेण्याची रीत आहे. रुखमानं नको म्हटलं आणि फोन कानाला लावून ती बसली. आता तृप्ती म्हणेल, धान बाबा पाहतील. मग आपण म्हणू, विमानात मले भेव वाटते. मग ती म्हणेल, मी न्यायला येते ना. मग आपण म्हणू, पाहू. मनात तर तिनं कोणतं लुगडं न्यायचं तेही काढून ठेवलं होतं.

पण तिकडून तृप्ती म्हणाली, "बरं माय." आणि इकडचं-तिकडचं बोलून तिनं फोन ठेवला.

रुखमानं पुढचे कितीतरी दिवस फोन जवळ घेऊन स्वयंपाक केला. दुसरं विचारणं आलंच नाही. मग कळलं, तिनं सासूला विचारलं. आणि जनाबाई काय म्हणाली? पहिल्याच झटक्यात म्हणाली, "येते ना! तिकीट काढ." ना लाज, ना काही.

म्हणून "विचारलं बी नाही". एकदा ताराबाईजवळ निघालं, मग तृप्तीच्या सासुरवाडीच्या नात्यातल्या शकुबाईजवळ निघालं, मग ते जिभेवर बसूनच गेलं. बोलून बोलून रुखमाला ते अर्धं खरंही वाटायला लागलं होतं. एकदा विचारणं म्हणजे काय विचारणं झालं?

*

शनिवारी हिरालाल महाराज करडीला मुक्कामाला आले. या भागात कीर्तन असलं की महाराजांचं जेवण रुखमाकडे, हे ठरलेलंच. रुखमा देवाधर्माची बाई. कीर्तन म्हटलं की हातातलं काम टाकून जाणारी. महाराज कुठे श्वास घेतात, कुठे रडवतात, कुठे मृदंगवाल्याकडे पाहून हात वर करतात, सगळं तिला पाठ. घरात दुःख असलं तरी कीर्तनात बसली की ती मोकळी होते. आणि महाराजही असे की ढोंग नाही. लोकांना रडवतात तेव्हा आधी स्वतः रडतात.

तिनं त्यांना तांदळाची खीर वाढली. महाराज दोन घास जेवले आणि म्हणाले, "माय, आज खीर गोड हाये, पण तुमचा चेहरा गोड नाही. काय झालं?"

एवढंच पुरलं.

"काय सांगू महाराज? एकुलती एक पोर. हिच्यासाठी मी नवस केले, हिच्या शिक्षणाले अंगावरचं काढून दिलं. अन् सासूले बोटीत बसवलं, किल्ले दाखवले. मायले नेणं नाही तर नाही, एका शब्दानं विचारलं बी नाही. उद्या आता मी त्याच सासूचे पाय धुवायचे, सगळ्यांसमोर."

तीही इकडची रीतच. जो तीर्थ करून येतो, त्याचे पाय गंगापूजनात धुवायचे, आणि पहिला मान सोयऱ्यांचा. लग्नात तृप्तीच्या सासूचे पाय रुखमानं धुतले होते. तेव्हा आनंदानं धुतले होते. पोर दिली, पाय धुतले. पण आता काय म्हणून? आपल्याच पोरीच्या पैशानं बोटीत बसून आली म्हणून?

महाराजांचा हात ताटातच थांबला. त्यांचे डोळे भरून आले. त्यांची स्वतःची माय जाऊन फार दिवस झाले नव्हते.

"विचारलं बी नाही?" ते हळूच म्हणाले.

"नाही जी."

केवळराम शेजारी जेवत होता. त्यानं मान वर करून बायकोकडे पाहिलं, कारण तो फोन आला तेव्हा तो तिथंच बसलेला होता. पण महाराजांसमोर बायकोला खोटं पाडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं खीर मागून घेतली.

*

रविवारी वैनगंगेचा पूल ओलांडून तिघं मोहाडीला पोचली. जनाबाईच्या दारात मांडव. आत चौरंगावर तांब्याचा कलश, त्यात ते ऱ्हाईनचं पाणी, वर नारळ, भोवती झेंडूच्या माळा. शेजारी पाटावर जनाबाई नवं लुगडं नेसून बसलेली, आणि तिच्याभोवती बायकांचा घोळका.

"या या ईहीनबाई!" जनाबाई जागेवरूनच ओरडली. "तुमच्यावाचूनच अडलं होतं."

"अडते कायचं," रुखमा म्हणाली. "इथं तर जत्रा भरली हाये."

"बसा ना इथं, माह्याजवळ."

"नको, मी इथंच बरी."

जनाबाई बरं म्हणून पुन्हा बायकांकडे वळली. या घराला दुसऱ्यांदा विचारायची सवयच नाही, रुखमाच्या मनात आलं.

"बोट म्हणजे आपल्या घाटावरचा डोंगा नाही समजायचा," जनाबाई सांगत होती. "तीन माळ्याचं घर पाण्यावर. अन् हालत बी नाही. मी पह्यल्या दिवशी बसून बसून कंटाळली, म्हटलं, तृप्ती, निघते कधी वो ही? तर ते म्हणे, आई, निघून तास झाला."

बायका हसल्या.

"अन् किल्ले?" कोणीतरी विचारलं.

"इकडे पाहावं तर किल्ला, तिकडे पाहावं तर किल्ला. आपला अंबागड हाये ना, तसे. पण छपरासकट! खिडक्यांले पडदे. एका किल्ल्यात तर हॉटेल काढलं म्हणे."

"राजा कुठं राहते मग?"

"राजा कायचा, मेला कधीचाच. अन् त्या किल्ल्याखाली द्राक्षं. डोंगराच्या उतरणीवर, उभ्याच्या उभ्या ओळी. माणूस घसरला तर सरळ नदीत. मी म्हटलं, इथं यायनं रोवणा कसा केला असन? आपण सपाट बांधीत धानाचा रोवणा करतो तरी कंबर जाते."

"द्राक्षाचं ते पेलं का नाही मग?" करडीहून बसनं आलेल्या ताराबाईनं डोळा बारीक करून विचारलं.

"छी वो! मी रस मागितला. त्यायनं आणला, मी एक घोट घेतला, तर घसा जळत गेला. तृप्ती म्हणे, आई, रसच हाये, पण जुना हाये."

"अन् मग?"

"मग काय! तुळशीचं पान नेलं होतं पिशवीत, ते चावलं. अन् दुसरा घोट नाही घेतला." जरा थांबून जनाबाई म्हणाली, "जास्त नाही घेतला."

मांडव हसण्यानं हलला. रुखमाला पोटातून हसू येत होतं. ते तिनं दाताखाली धरलं. सगळं दिलं होतं तिनं या बाईला. हसू तरी देणार नव्हती.

"अन् नदीची ओटी भरली ना मी. कठड्यापाशी गेली, हळदीकुंकू वाहिलं, मूठभर तांदूळ टाकले. एक गोरी म्हातारी पाहून राहिली होती. तिले वाटलं, मी मासोळ्यांले चारून राहिली. ते गेली अन् आपला ब्रेड घेऊन आली, अन् ते बी टाकू लागली! मग आम्ही दोघी उभ्या, मी तांदूळ, ते ब्रेड. तृप्ती हसून हसून खाली बसली."

तृप्ती हसून हसून खाली बसली. रुखमाच्या डोळ्यांसमोर ते उभं राहिलं. पोर खूप हसली की तिला उभं राहवत नाही, पोट धरून खाली बसते. शाळेत होती तेव्हा मायलेकी अशा हसायच्या की केवळराम बाहेरून विचारायचा, काय झालं. किती वर्षं झाली तिला तसं हसताना पाहून? आणि पाहिलं कोणी? हिनं.

तेवढ्यात तृप्ती ट्रे घेऊन आली. केसांत गजरा, हाताला हळद लागलेली. "माय, चहा घेतेस?"

"नको. झाला."

"बरं," म्हणाली आणि ट्रे घेऊन पुढे गेली.

*

दुपारी कीर्तनाला सुरुवात झाली. महाराजांनी गळ्यात वीणा घातली, मागे टाळकरी उभे राहिले, मृदंगावर थाप पडली, आणि रामकृष्ण हरीच्या गजरानं मांडवाचं कापड फुगल्यासारखं झालं. रुखमाचे हात आपोआप टाळीला लागले. गजर म्हणजे गजर. तिथे मन कितीही आंबट असो, हात गोडच वाजतात.

महाराजांनी विषय पाण्याचाच घेतला. जनाबाईकडून त्यांनी सगळं विचारून घेतलं होतं, आणि अशी काही रंगवून सांगितली ती नदी, की मोहाडीच्या मांडवात लोकांना थंड वारा लागला. "दोन्ही काठांले राजे होते हो! हा म्हणे नदी माझी, तो म्हणे नदी माझी. हा इकडून साखळी टाके, तो तिकडून पहारा ठेवे. राजे गेले. किल्ले उभे. त्या नदीले विचारा, बाई, तू कोणाची? ते थांबतच नाही सांगायले! जिले तहान लागली तिची." माणसं माना डोलावत होती. जनाबाईचा चेहरा ओवाळल्यासारखा उजळला होता. रुखमाला वाटलं, महाराज आपले, आपल्या हातची खीर खाल्लेले, आणि तारीफ हिच्या नदीची.

मग मध्यंतरीचा गजर झाला, हारतुरे झाले, आणि महाराज कथेला आले.

"एक डोंगेवाला होता," त्यांनी सुरू केलं. आवाज खाली आला होता. रुखमा सावरून बसली. हा आवाज तिच्या ओळखीचा. आता रडवणार.

"पलीकडच्या काठाले जत्रा. डोंगेवाल्यानं डोंगा काढला. सोयरे बसले, शेजारी बसले, सासुरवाडीची माणसं बसली. डोंगा भरला. अन् काठावर त्याची माय उभी. हातात भाकरीचं गाठोडं. तिले वाटलं, पोरगा आता म्हणेल, माय, ये. डोंगा सुटला. मायनं हात वर केला. पोरगा गात गात निघून गेला."

मृदंग थांबला. महाराजांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अरे लेकरा! डोंग्यात जागा नव्हती, मान्य. पण जिभेवर जागा नव्हती का रे? एकदा विचारायचं तरी होतं! माय नाहीच म्हणाली असती. मायचा जीव असतो तो, ते नाहीच म्हणते. पण विचारायचं! जिनं तुले पोटात घेऊन नऊ महिने पार केले, तिले एकदा विचारायचं!"

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मधुकररावांनी सुद्धा चष्मा काढला. आणि मग पुढे बसलेल्या शकुबाईनं सावकाश मान वळवली आणि तृप्तीकडे पाहिलं. तिच्या शेजारणीनं पाहिलं. त्या शेजारणीच्या मागच्या दोघींनी पाहिलं. रुखमानं जे घरोघर सांगितलं होतं, ते सगळ्यांच्या नजरेत एकदम वर आलं.

तृप्ती आरतीचं ताट घेऊन खांबापाशी उभी होती.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी रुखमाला बरं वाटलं. खूप दिवसांच्या तहानेनंतर पाणी मिळावं तसं. समजू दे. सगळ्या मोहाडीला समजू दे, कोण काठावर राहिली ते.

मग तृप्तीनं मायकडे पाहिलं.

ती रडली नाही, रागावली नाही. नुसती पाहत राहिली, आता माय काहीतरी बोलेल अशी. वर्गात कोणी खोटी चुगली केली की शाळेच्या दारात उभी राहून पाहायची, तशी. रुखमानं नजर खाली घेतली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. महाराजांनी पुन्हा तेच आळवलं, एकदा विचारायचं, एकदा विचारायचं, आणि टाळकऱ्यांनी ते उचललं. ताटातली निरांजनं हलायला लागली.

तेवढ्यात पाटावरची जनाबाई उठली.

गुडघ्यावर हात ठेवून, एक पाय, मग दुसरा, अशी ती उभी राहिली. सुनेकडे एकदा पाहिलं, महाराजांकडे वळली, आणि तिनं तोंड उघडलं. ती काय बोलणार हे रुखमाला बोलायच्या आधीच कळलं. तिला सगळं माहीत होतं. तृप्तीनं सांगितलेलंच असणार, मायला विचारलं, माय नको म्हणाली. आणि आता ही बाई, भर कीर्तनात उठून, सगळ्यांसमोर तृप्तीची बाजू घेणार होती.

रुखमाच्या अंगातून आग गेली. बोट हिची. किल्ले हिचे. खांद्यावरचा हात हिचा. ते हसून खाली बसणं हिचं. आणि आता माझ्या लेकराला जगाच्या नजरेतून सोडवणारीही हीच? नाही. हे नाही देणार. मेली तरी नाही देणार.

"महाराज, थांबा!"

टाळ एकएक करून बंद पडले. रुखमा उभी होती. आपण उभं राहिलो हे तिला उभी राहिल्यावर कळलं.

"माह्या पोरीनं विचारलं होतं," ती म्हणाली. "मले आधी विचारलं होतं. कोणाच्याही आधी." हे शेवटचं जनाबाईकडे पाहून.

जनाबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

महाराजांच्या गालावर अजून पाणी होतं. "पण माय, काल तर तुम्ही..."

"काल खोटं सांगितलं जी."

"मग गेल्या काहून नाही?"

"मी नाही म्हटलं." रुखमानं एक बोट वर केलं. "पण एकदाच म्हटलं, महाराज! एकदाच नाही म्हटलं, अन् तिनं दुसऱ्यांदा विचारलंच नाही!"

मग मागून ताराबाई म्हणाली, "अवो बाई, भावाच्या लग्नात मी अशीच उपाशी राहिली होती!" आणि सगळा मांडव फुटला. म्हातारे हसले, टाळकरी हसले. शकुबाई हसता हसता डोळे पुसू लागली. प्रत्येकाच्या पोटात असा एक न घेतलेला चहा होता. रुखमा मात्र हसत नव्हती, आणि तृप्तीही हसत नव्हती.

महाराजांनी उपरण्यानं तोंड पुसलं. वीणा सावरून ते दोन पावलं पुढे आले आणि तृप्तीला त्यांनी हात जोडले.

"बाई, ऐकीव गोष्टीवर तुले भर मांडवात उभं केलं. माह्यं चुकलं." मग लोकांकडे वळून म्हणाले, "आता गोष्ट बदलतो. डोंगेवाल्यानं विचारलं. माय म्हणाली, नको. डोंगेवाला होता साधा, त्याले वाटलं, नकोच असन." आणि वर मांडवाकडे, मांडवापलीकडे पाहत त्यांनी हात उंचावला. "देवा, तू आम्हाले तुह्या डोंग्यात बोलावशील ना, तर दोनदा बोलावत जा रे! आम्ही झाडीपट्टीतली माणसं हाओत!"

मृदंगावर थाप पडली. विठ्ठल विठ्ठल असा गजर उठला, की रस्त्यानं जाणारी माणसं आत येऊन उभी राहिली.

*

आरतीआधी पाय धुवायचे. पहिला मान रुखमाचा. परात ठेवली होती. जनाबाईनं पाटावर बसून पाय पुढे केले, आणि तांब्यातून पाणी घालायला तृप्ती आली, कारण ते काम सुनेचं.

रुखमा खाली बसली. पाणी पडलं. तिनं जनाबाईचा उजवा पाय हातात घेतला.

"मी बोलणारच होती," जनाबाई खाली वाकून हळूच म्हणाली.

"माहीत हाये मले. म्हणून तर मी बोलली."

तृप्ती तांब्याकडे पाहत होती. मायकडे नाही. "किती जणांना सांगितलंस, माय?"

रुखमानं जनाबाईची टाच चोळायला घेतली.

"मी त्या दिवशी फोन ठेवला ना," तृप्ती तशीच म्हणाली, पाणी बारीक धारेनं घालत, "तर बाथरूममध्ये जाऊन रडली. मले वाटलं, तुले माझ्याकडे यायचंच नाही. लग्न करून दिलं, संपलं. मग आईचा फोन आला, तिनं विचारलं, काय झालं. मग मी तिलेच म्हटलं, तुम्ही या."

रुखमाचे हात विहिणीच्या पायावर थांबले. एवढे दिवस ती फोटोतल्या एका हाताकडे पाहत होती. त्या हातानं खांदा एवढा घट्ट काहून धरला असेल, हे तिनं एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

"ईहीनबाई," जनाबाई म्हणाली, "पाय गार पडून राहिले माह्ये. धुता का सोडता?"

"जरा थांबा वो!" रुखमानं मान वर केली. "तृप्ते. मले नेशील का? मीच विचारते. नाही म्हटलं तर पुन्हा विचारीन. तू नाही म्हणत राहा, मी विचारत राहीन."

तृप्ती पाणी घालत राहिली. मागे रांग वाढत होती. शकुबाई म्हणाली, "पुढं सरका वो, आम्हाले बी पाय धुवायचे हायेत."

"उन्हाळ्यात ये," तृप्ती शेवटी म्हणाली. आवाजात अजून राग होता. "पासपोर्ट काढून ठेव. पण माय, यापुढे मी एकदाच विचारीन. हो तर हो, नाही तर नाही."

"हो," रुखमा म्हणाली. इतक्या लवकर, की तिची तीच दचकली.

"मी बी येईन म्हणते," जनाबाई म्हणाली. "त्या म्हातारीची ओळख झाली हाये."

"तुम्ही तर जाऊन आल्या!"

"मग? देवळात एकदाच जाते का कोणी?"

"बोटीतल्या खोलीत खाटा किती असतात?" रुखमानं लेकीला विचारलं.

"दोन."

"मग झालं तर. ईहीनबाई, तुम्ही घरी राहा. परात घेऊन. मी आली की माह्ये पाय धुवा."

तृप्तीला हसू आवरलं नाही. तांब्या हिंदकळला, पाणी तिघींच्या अंगावर उडालं. ती हसत हसत खालीच बसली, पोट धरून, मायच्या शेजारी, ओल्या जमिनीवर. आणि हसताना तिनं आधी सासूकडे पाहिलं, मग मायकडे.

रुखमाच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिनं जनाबाईचा दुसरा पाय परातीत ओढला, आणि जरा जोरानंच घासायला घेतला.